कापशीचे पाय

"किती खाल्लं तिनं, येवढं सांग," सोजरबाई म्हणाली. "बाकी मले काही नको."

उखर्डू ओसरीच्या खांबाला टेकून डोळे चोळत होता. काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. मुहूर्ताचा दिवस म्हणून एकाच दिवसात तीन वराती झाल्या होत्या, आणि त्याच्या मुंडाशावर तिन्ही मांडवांतल्या अक्षता अजून अडकलेल्या होत्या.

"डाळ खाल्ली. भिजेल डाळ. नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हंजे किती?"

"आता वयनी, मी काय माप घेऊन उभा व्हतो का तिथं?"

अंगणातल्या पत्र्याखाली कापशी उभी होती. रात्रीचा कडबा तिने हुंगलाही नव्हता. पोट दोन्ही कुशींना टम्म होतं. मागे पडलेली लीद पातळ होती आणि तिला चार दिवसांच्या आंबवणासारखा आंबूस वास येत होता. सोजरबाईने तिच्या पोटाला कान लावला. एरवी आत जात्यासारखी घरघर सतत चाललेली असे. आज काहीच ऐकू येत नव्हतं. तिने दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा कान लावला, जणू आवाज इकडून तिकडे गेला असेल.

कापशी ही वरातीची घोडी. पांढरी, पण दुधासारखी नव्हे. नुकत्याच उमललेल्या बोंडातल्या कापसासारखी, जराशी पिवळी झाक असलेली. म्हणून कडूने तिचं नाव कापशी ठेवलं. कडू म्हणजे सोजरबाईचा नवरा. सारंगखेड्याच्या बाजारातून त्याने तिला आणली तेव्हा ती शिंगरू होती. पुढे ती बँडच्या तालावर पाय उचलू लागली आणि बऱ्हाणपुरात कुणाच्या घरी लग्न निघालं की आधी कापशीला विचारलं जाऊ लागलं. वरातीहून आला की कडू आधी घोडीच्या पायांवर पाणी घाली आणि मग स्वतःच्या.

तो गेला आणि घोडीची दोरी धाकट्या भावाच्या, उखर्डूच्या हातात आली. नवरदेवासमोर आपण यायचं नाही, हे सोजरबाईला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नाही. ती घोडी धुई, आयाळीच्या बारीक वेण्या घाली, खुरांना तेल लावी, गळ्यात घुंगुरमाळ बांधी आणि गल्लीच्या कोपऱ्यावर लिंबाखाली जो दगड आहे तिथपर्यंत तिला घेऊन जाई. तिथे दोरी उखर्डूच्या हातात देई आणि परत फिरे.

पुढची वरात ती कानांनी बघायची. शनवाऱ्याच्या वेशीतून बँड गेला की आवाज दुप्पट होऊन येई. तापीवरच्या राजघाटाकडे उतरला की वारा तो अर्धा खाऊन टाकी. वरात निघण्याआधी नवरदेवाच्या दारात बँड एकाच जागी वाजत राही, आणि तिला कळे की आता बहिणी डाळ खाऊ घालताहेत.

ही रीत मुळात मराठी घरांतली नव्हे. हिंदी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या घरांतून ती केव्हातरी आली आणि सगळ्यांनी उचलली. भावाला घोडीवर बसवण्याआधी बहिणीने भिजवलेली हरभऱ्याची डाळ गुळाबरोबर घोडीला ओंजळीतून चारायची. बहीण एक असली तर एक ओंजळ, दोन असल्या तर दोन. त्याने घोडीचं काही बिघडत नसे.

काल मात्र आखाजी होती. खानदेशात आखाजीला सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असतात.

आणि काल, आता सोजरबाईला आठवलं, बँड फार वेळ एकाच जागी वाजत होता. तिन्ही वेळेला. तिला वाटलं होतं, पोरं नाचत असतील.

* * *

जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर दिगंबर एकटाच होता. तो काचेच्या बाटल्या पुसत बसला होता. डॉक्टरांच्या खुर्चीवर फडक्यांची चळत होती.

"डॉक्टरसाहेब?"

"डॉक्टरसाहेब अकोल्याचे, बाई. अकोलं मुंबई राज्यात गेलं, तेही गेले. दिवाळीनंतर लगेच."

"मंग नवे?"

"ग्वाल्हेरकडून येणार म्हणतात." त्याने बाटली उजेडात धरून पाहिली. "म्हणतात. मी नागपूरला लिहिलं. नागपूरवाले म्हणाले, आता तुमचा आमचा संबंध नाही, भोपाळला लिहा. भोपाळला लिहिलं. पाटीवर मध्य प्रदेश तेव्हाही होतं, आताही तेच आहे. नाव तेच, राज्य दुसरं. मी कोणाचा नोकर आहे, हे मला पगार होतो त्या दिवशीसुद्धा कळत नाही."

सोजरबाईला यातलं अर्धंच कळलं. राज्य बदललं हे तिने ऐकलं होतं. पण तापी तिथेच होती, शनवाऱ्याची वेस तिथेच होती, आणि घोडीचं पोट फुगलं होतं.

"घोडीनं डाळ खाल्ली," ती म्हणाली. "लई खाल्ली. पोट बोलत नही तिचं."

दिगंबरच्या हातातली बाटली थांबली. "हरभऱ्याची? भिजवलेली?"

"हाव."

"किती?"

"तेच तं कोणी सांगत नही."

तो आला. जवसाच्या तेलाची बाटली, खायचा सोडा आणि बांबूची नळी घेऊन आला. डॉक्टरांची रबरी नळी दवाखान्यात टांगलेली होती, ती त्याने आणली नाही. "ती नाकातून पोटात घालायची असते," तो वाटेत म्हणाला. "डॉक्टर घालायचे, मी डोकं धरायचो. जरा चुकली की फुप्फुसात जाते. मी नाही घालणार, बाई. मला शिव्या द्या, पण मी नाही घालणार."

"मी कायले शिव्या देऊ?"

उखर्डूने मान वर धरली आणि दिगंबरने थोडं थोडं करून तेल पाजलं. प्रत्येक घोटानंतर तो थांबे आणि घोडी खोकते का ते बघे. निम्मं तेल त्याच्या सदऱ्यावर गेलं. मग त्याने पोटावर बोटं वाजवून पाहिली, डॉक्टर वाजवत तशी, आणि काय ऐकलं ते कुणाला सांगितलं नाही.

"दाणा बंद. डाळ, चंदी, गूळ, काही नाही. वाळलेलं गवत तेवढं. आणि फिरवा. हळूहळू फिरवत ठेवा. आतडी हलली पाहिजेत."

"कितीक फिरवू?" उखर्डूने विचारलं.

"फिरवा," दिगंबर म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली गेला. "पोटाच्या दुखण्याला डॉक्टर फिरवायला सांगायचे."

उखर्डूने तिला फिरवली. दुपारच्या उन्हात, फरशीच्या रस्त्याने, स्टेशनच्या दिशेने आणि परत. तिसऱ्या प्रहरी घोडीने मोठी लीद टाकली. तेलाने चमकणारी, आणि तीत न पचलेली डाळ जशीच्या तशी, पिवळीधमक. सोजरबाई खाली बसून काडीने ती लीद उलगडत राहिली. डाळ संपतच नव्हती.

"पाह्य," ती दिराला म्हणाली. "ही तुही नेहमीसारखी."

उखर्डूने पाहिलं. हळूच म्हणाला, "वयनी, बहिणीची ओंजळ व्हती. शुभाच्या टायमाले नही कसं म्हणू?"

तिने हातातली काडी टाकून दिली. तीही कधीकाळी बहीण होती. शहापूरजवळच्या आपल्या गावी, भावाच्या लग्नात, तिनेही घोडीला डाळ चारली होती. ती घोडी कुणाची, तिचं पुढे काय झालं, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता.

संध्याकाळी पोट पुन्हा बोलू लागलं. सोजरबाई हसली. देवापुढे दिवा लावताना तिने कोपऱ्यातल्या, कडूच्या नावाने भरलेल्या घागरीलाही हात जोडले.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी कापशी वेगळीच उभी होती.

पुढचे दोन्ही पाय तिने लांब पुढे टाकले होते आणि सगळं अंग मागच्या पायांवर झुकवलं होतं. कुणी निसरड्या उतारावर घट्ट थांबावं, तशी. कान मागे पडलेले. नाकपुड्या रुंद. सोजरबाई तिच्या नावाने हाक मारत जवळ गेली तेव्हा तिने एक पाय उचलला, टेकला, दुसरा उचलला. जमीन तापल्यासारखी.

पण पत्र्याखालची जमीन सकाळची गार होती. सोजरबाईने आपला तळवा टेकवून पाहिला. मग खुरावर ठेवला. खूर तापलेला होता. चुलीवरून उतरवून थोडा वेळ झालेल्या तव्यासारखा. दुसरा पुढचा पायही तसाच. मागचे मात्र गार. खुराच्या वर, मागच्या बाजूला, नाडी असते. कडूने एकदा दाखवली होती. एरवी ती बोटांनी शोधावी लागे. आज ती बोटांना ढकलत होती.

काल पोट होतं, ते आज बरं झालं. मग हे काय? काल रस्त्यावर खिळा, काच लागली असेल म्हणून तिने दोन्ही खूर उलटे करून पाहिले. काही नव्हतं. डाळ तोंडातून पोटात जाते. पोटातून ती पायात कशी उतरेल?

वजीर नालबंदाला बोलावलं. तो शेजारच्या मोहल्ल्यातला, कडूच्या वेळेपासूनचा. त्याने आल्या आल्या नाल काढले. प्रत्येक खिळा उपसताना घोडी शहारत होती.

"खून उतर गया है पाँव में," तो म्हणाला. "दाने की गर्मी है भाभी. अपने अब्बा के टाइम से देखते आए. नस खोल देता हूँ, गंदा खून निकल जाएगा. फिर चलाओ. बैठने मत दो. बैठी तो गई."

"चालवू?"

"चलाओ. जितना चलेगी, खून उतना फिरेगा."

उखर्डू तर तयारच होता. दोन दिवसांनी शहापूरला लग्न होतं. त्याने शब्द दिला होता. "वजीरभाई बराबर म्हणते. उभी ऱ्हायली तं आखडून जाईन."

तेवढ्यात दिगंबर आला. काल फिरवायला सांगितलं ते बरोबर निघालं, या आनंदात तो आला होता. घोडीची उभं राहण्याची तऱ्हा पाहून तो दारातच थांबला.

"आता हिला फिरवू नका," तो म्हणाला.

"काल तं तुम्हीच म्हणे फिरव!"

"काल पोट होतं."

"आज बी तीच घोडी हाये ना!" उखर्डू चिडला. "काल फिरव, आज नको फिरवू. तुमचं राज्य बदललं का रात्रीतून?"

वजीर हसला. दिगंबर हसला नाही. त्याने कपाळावरचा घाम पुसला. "पोलिसांचा एक घोडा होता. चंदीच्या कोठीत शिरून भरमसाट दाणा खाऊन बसला होता. त्यालाही असंच झालं होतं, पाय पुढे टाकून उभा. डॉक्टरांनी त्याला तळ्यात उभं केलं होतं. थंड पाण्यात." तो अडखळला. "की ते दुसऱ्याला? एकाला कोंड्याचं गरम पोटीस बांधलं होतं, तेही मला आठवतं. मीच शिजवला होता कोंडा. पण तो कोणता घोडा? थंडीचे दिवस होते. पोलिसांचा घोडा उन्हाळ्यातला, की..."

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"मला आठवत नाही, बाई," दिगंबर म्हणाला. "खरंच आठवत नाही. मी बाटल्या भरायचो. का भरायच्या ते डॉक्टर बघायचे."

सोजरबाईने एकेकाकडे पाहिलं. एक म्हणतो चालवा, एक म्हणतो चालवू नका. तोच म्हणतो गरम, नाहीतर थंड. एक म्हणतो रक्त काढा. तिघेही खोटं बोलत नव्हते. तिघांनाही घोडी बरी व्हायला हवी होती. याचंच तिला भय वाटलं. एखादा लबाड असता, तर त्याला वगळून दोघांतून निवडता आलं असतं.

"तिचे पाय गेले तं, वयनी," उखर्डू खाली बघत म्हणाला, "आपण लंगडी घोडी पोसू शकत नही. आपण काय राजे हाओत? राजे बी आता ऱ्हायले नही." तो विनोद होता, पण कुणी हसलं नाही. तापीपारचा एक घोड्यांचा दलाल गेल्या वर्षीपासून कापशीवर डोळा ठेवून होता, आणि लंगड्या घोड्यांचं तो काय करतो हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

उखर्डूने दोरी सोडली. "येक चक्कर. कोपऱ्यापर्यंत. पाहू तं."

तिने त्याला थांबवलं नाही. थांबवायला तिच्याकडे काय होतं?

कापशी निघाली. मागचे पाय पोटाखाली ओढून, पुढचे घाईघाईने उचलून टेकवत. बँडच्या तालावर चालणारी घोडी; तिची आजची पावलं कुठल्याच तालात बसत नव्हती. अंगणाच्या दारापाशी पाण्याची दगडी डोणी होती. तिथून सांडलेल्या पाण्याचं थारोळं नेहमी साचलेलं असे. कापशी तिथे थांबली. उखर्डूने दोरी ओढली. तिने मान खाली घातली, थारोळ्यावर फुंकर घातली, आणि पुढचा एक पाय त्यात ठेवला. मग दुसरा. मग तिने एक लांब श्वास सोडला. अंगणातल्या सगळ्यांना तो ऐकू आला.

उखर्डूने पुन्हा दोरी ओढली.

"सोड," सोजरबाई म्हणाली.

"वयनी..."

"सोड म्हणते ना दोरी!"

ती आत गेली. डोणीतलं पाणी सकाळच्या उन्हाने कोमट झालं होतं. घरातलं सगळ्यांत गार पाणी कोपऱ्यात होतं. नव्या लाल घागरीत. आखाजीला भरलेली कडूची घागर. वर तांब्या, त्यावर खरबूज, शेजारी दोन आंबे आणि सुकलेली पुरणाची पोळी. उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला तहान लागते, म्हणून ही घागर भरायची. तिने खरबूज उतरवलं, तांब्या उतरवला आणि घागर कमरेवर घेतली. मातीतून पाझरलेलं पाणी तिच्या लुगड्याला लागलं तेव्हा तिला शहारा आला, इतकं ते गार होतं.

ती बाहेर आली तसा उखर्डू उभाच राहिला.

"वयनी! दादाची घागर हाये ते!"

"घोडी बी त्याचीच," ती म्हणाली.

आणि तिने घागर कलती केली. धार आधी उजव्या खुरावर, मग डाव्या. कापशीने पाय काढून घेतला नाही. तिने मान सोजरबाईच्या खांद्यावर आणून ठेवली आणि सगळं वजन टाकलं. सोजरबाई वाकली, पण तिने धार मोडली नाही.

वजीरने नस खोलायचं हत्यार पिशवीत परत ठेवलं. "मालिक की मर्ज़ी," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. जाताना त्याने आपणहून डोणीपाशी पडलेलं घमेलं उचललं आणि थारोळ्यात वाळू टाकली, म्हणजे घोडीला उभं राहायला मऊ होईल.

* * *

मनकर्णा दुपारी आली. आखाजीच्या दिवशीच्या शेवटच्या वरातीतल्या नवरदेवाची ही थोरली बहीण. अजून माहेरीच होती. हातावरची मेंदी ताजी होती. वरातीची घोडी आजारी पडली हे गावभर झालं होतं, आणि नव्या सुनेचा पायगुण कसा म्हणून तिच्या घरी कुजबुज सुरू झाली होती.

"सोजरबाई, आमच्यानं झालं का हे?" ती दारातूनच म्हणाली. ती रडायच्या बेतात होती.

"तुम्ही किती जणी व्हत्या?"

"सख्ख्या चार. चुलत, मावस मिळून..." ती बोटांवर मोजू लागली आणि मग थांबली. "आणि माय म्हणे, फोटोवाला नीट काढत नही तोवर परात घोडीच्या पुढं ठेवा. फोटोवाल्याचं काही जमेना. ती खातच व्हती. आम्ही म्हटलं, किती गुणाची घोडी, हालत बी नही!"

सोजरबाईने डोळे मिटले. कालपासून तिला हवा होता तो हिशेब हाच. आणि आता मिळाला तर त्याचं काही करता येत नव्हतं. उरलेल्या दोन वराती तर अजून मोजायच्याच होत्या. तिथेही अशाच परातीसमोर ती गुणाने उभी राहिली असेल.

"तुमच्यानं नही, बाई," ती म्हणाली. "भूक सरली तरी तोंड थांबवावं, हे तिले कळत नही. आपल्याले कळाले पाह्यजे व्हतं."

मनकर्णाने पदर खोचला. "पाणी कुठून आणता?"

"डोणीचं गरम होते. राजघाटावरून."

संध्याकाळपर्यंत गल्लीत पाण्याची रांग लागली. माहेरवाशिणी होत्या त्या. आखाजीचे झोके सोडून, घागरी डोक्यावर घेऊन राजघाट चढत होत्या. एकमेकींच्या सासवांच्या नकला करत होत्या, घोडीला "नवरीबाई" म्हणत होत्या आणि तिच्या पायांवर तापीचं पाणी ओतत होत्या. एकीने गमतीने पदराच्या गाठीतले चार फुटाणे काढले. बाकीच्या तिच्यावर अशा ओरडल्या की तिने ते स्वतःच्याच तोंडात टाकले. डोणीशी उखर्डूने खड्डा खणला, वाळूने भरला, पाण्याने भिजवला. शहापूरला त्याने निरोप पाठवला की घोडी येत नाही. काय कारण सांगितलं ते त्याने सांगितलं नाही.

दिगंबर रोज येई आणि नाडी बघे. आता तो कमी बोलत होता. एकदा मात्र म्हणाला, "उन्हाळ्यातला होता बाई पोलिसांचा घोडा. मला वाटतं. बहुतेक उन्हाळ्यातलाच."

लेकी सासरी गेल्या. नंतर सोजरबाई एकटीच पाणी आणू लागली.

* * *

पावसाळा लागल्यावर नवे डॉक्टर आले. तरुण, चष्मा लावणारे, हिंदी बोलणारे. दिगंबर त्यांना आधी कापशीकडे घेऊन आला.

कापशी जगली होती. चारी पायांवर नीट उभी राहत होती. पण चालताना पुढचे पाय टाच आधी टेकवून टाकत होती, आणि खुरांवर आडव्या वळ्या आल्या होत्या. डॉक्टरांनी खूर उचलून तळवा अंगठ्याने दाबला. कापशीने पाय झटकला.

"अंदर की हड्डी थोड़ी घूम गई है," ते म्हणाले. "पत्थर पर, सड़क पर, अब नहीं चलेगी. बारात-वारात भूल जाइए. नरम ज़मीन पर ठीक है."

सोजरबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. तिला एकच विचारायचं होतं. "साहेब, पहिल्या दिवशी तिले फिरवली व्हती. पोटासाठी. रस्त्यानं. त्याच्यानं झालं का?"

दिगंबरने मान खाली घातली.

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "हो सकता है," ते म्हणाले. "न घुमाते तो पेट से मर जाती, ये भी हो सकता है. अब कोई नहीं बता सकता." मग डोणीशेजारचा वाळूचा खड्डा पाहून त्यांनी विचारलं, "ठंडा पानी किसने बताया?"

"घोडीनं," सोजरबाई म्हणाली.

आपलं हिंदी तिला समजलं नसावं असं त्यांना वाटलं. ते हसून पुढच्या घरी, एका म्हशीकडे निघून गेले. दिगंबर त्यांच्यामागून पेटी घेऊन गेला. कोपऱ्यावरून त्याने एकदा वळून पाहिलं.

दलाल दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळेला सोजरबाईनेच त्याला दारातून परत पाठवलं. नदीकाठच्या एका केळीच्या बागेत तिने काम धरलं. बागेतली माती बारा महिने ओली असते, काळी आणि लोण्यासारखी मऊ. कापशी तिथे वाळलेल्या केळपानांचे हलके भारे वाहू लागली. बागेचा मालक म्हणाला, बाई, घोडी घेऊन कामाले येणारी तूच पहिली. उखर्डूने एका ओळखीच्या माणसाबरोबर अर्ध्यात दुसरी घोडी घेतली, तपकिरी, जरा बुजरी. सोजरबाईने तिच्याही आयाळीला वेण्या घातल्या आणि उखर्डूला एकच गोष्ट बजावली. उखर्डू आता लग्नघराच्या दारात मोठ्याने सांगू लागला, "येक बहीण, येक ओंजळ! बाकीच्यांनी नुसता हात लावायचा!" लोक त्याला कंजूष म्हणत.

पुढच्या आखाजीला सोजरबाईने नवी घागर आणली. राजघाटावरून भरून आणली आणि कोपऱ्यात ठेवण्याआधी अंगणात थांबली. तांब्याभर पाणी कापशीच्या उजव्या खुरावर, तांब्याभर डाव्यावर. मग तिने घागर पुन्हा काठोकाठ भरून आणली. तेव्हा कुठे तिच्यावर खरबूज ठेवलं, आंबे ठेवले आणि हात जोडले.

दुपार कलली तसा बँड ऐकू आला. शनवाऱ्याच्या वेशीत तो दुप्पट झाला, आणि या वेळी राजघाटाकडे न उतरता गल्लीच्या तोंडाकडे येऊ लागला. पत्र्याखाली कापशीचे कान उभे राहिले. ती बांधलेली नव्हती. हल्ली तिला बांधावं लागत नसे. ती अंगणातून निघाली आणि टाच आधी टेकवत, भिंतीकडेच्या मऊ मातीने कोपऱ्यापर्यंत गेली. सोजरबाई मागून गेली. लिंबाखालच्या दगडापाशी घोडी थांबली. सोजरबाईही थांबली. वर्षानुवर्षं ती इथूनच परत फिरत आली होती.

वरात समोरून गेली. तपकिरी घोडी, तिच्यावर बावरलेला नवरदेव, दोरी धरून घामाघूम झालेला उखर्डू. परातीत उरलेली डाळ घेतलेल्या मुली. त्यांतल्या एकीने लिंबाखाली उभ्या पांढऱ्या घोडीकडे पाहिलं, ओंजळ भरली आणि दोन पावलं इकडे आली. सोजरबाईने आपला तळहात कापशीच्या तोंडावर धरला. मुलगी थबकली. मग तिने रिकाम्या हाताने घोडीच्या कपाळाला स्पर्श केला आणि पळत वरातीत मिसळून गेली.

बँड पुढे सरकला. कापशीचा पुढचा उजवा पाय तालावर किंचित उचलला जात होता आणि खाली येत होता, पण टेकत नव्हता. आवाज वाऱ्यात विरेपर्यंत तो तसाच चालू राहिला.

मग दोघी वळल्या. वळताना कापशीने पाय पुढे केला, जमिनीचा अंदाज घेतला आणि सावकाश टेकला. सोजरबाई तेवढा वेळ थांबली.